दुःखाचा अर्थ आणि दुःखाचे काम : केडगावच्या रमाबाईंच्या निमित्ताने

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दुःखविचाराची चर्चा बहुधा दोन ठरीव वाटांनी जाते. पहिल्या वाटेचा अभ्यासक बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक यांच्या वाट्याला आलेला छळ, बहिष्कार आणि वियोग यांची नोंद करतो व त्यातून श्रद्धेचा विजय सिद्ध करतो. दुसऱ्या वाटेचा अभ्यासक हीच सामग्री समाजसुधारणेच्या इतिहासात बसवतो आणि धर्मविचार हा त्या काळाचा पेहराव होता असे गृहीत धरून तो अलगद उतरवून ठेवतो. दोन्ही वाटांवर एक प्रश्न मागे राहतो. दुःखाला अर्थ आहे असे जेव्हा एखादा ख्रिस्ती लेखक म्हणतो तेव्हा तो कोणाच्या दुःखाविषयी बोलत असतो? स्वतःच्या, की दुसऱ्याच्या? वरवर किरकोळ वाटणारा हा भेद ख्रिस्ती जीवनातील क्लेश व कसोटी यांच्या संपूर्ण विचाराला कलाटणी देणारा आहे, आणि मराठीत तो सर्वांत तीव्रपणे पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील कार्यात व लेखनात दिसतो.

केडगाव पुणे-दौंड लोहमार्गावर, दौंड तालुक्यात आहे. त्याच्या उत्तरेस भीमेपलीकडे शिरूर तालुका पसरला आहे; शिरूर गावाला पंचक्रोशीत आजही घोडनदी म्हणतात. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. १८७५ च्या मे महिन्यात सावकारांविरुद्धचा शेतकऱ्यांचा उठाव तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सुरू झाला आणि शिरूरच्या बाजूलाही पसरला. त्यापाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला, मग १८९६-९७ चा, मग १८९९-१९०० चा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी तर अजून हयात आहे. कालव्यांमुळे केडगावच्या परिसरात आता ऊस आणि गुऱ्हाळे दिसतात. परंतु ख्रिस्ती मिशनांनी ह्या मुलखात पाय रोवले ते हिरव्या उसाच्या काळात नव्हे. येथे ख्रिस्ती दुःखविचार ग्रंथातून आला असला तरी त्याची परीक्षा दुष्काळाने घेतली, ही गोष्ट विसरता येत नाही.

ह्या मुलखातल्या भाषेत दुःखाची मीमांसा आधीपासूनच तयार होती. ‘भोग’ हा मराठी शब्द मोठा विलक्षण आहे. सुख भोगायचे आणि दुःखही भोगायचे. दोन्हींमागे पूर्वसंचिताचा हिशेब. विधवेच्या बाबतीत हा हिशेब अधिकच निष्ठुर होता. नवरा गेला तो तिच्या पूर्वजन्मीच्या पापामुळे, हे समाजाने इतके सहज स्वीकारले होते की ‘पांढऱ्या पायाची’ ह्या दोन शब्दांत संपूर्ण कर्मसिद्धांत मावत असे. ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ (१८८७) ह्या ग्रंथात रमाबाईंनी ज्या अनेक गोष्टींवर बोट ठेवले त्यांत ही मीमांसा अग्रभागी होती. वैधव्य ही एक आपत्ती. पण त्या आपत्तीचा जो अर्थ लावला जातो ती दुसरी आणि अधिक टिकाऊ आपत्ती, हे त्यांना स्वच्छ दिसले होते.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘पूर्वकर्मामुळे’ याच्या जागी ‘ईश्वराच्या इच्छेने’ असे म्हटले तर दुःख भोगणाऱ्या बाईच्या स्थितीत काय फरक पडतो? चूल तशीच विझलेली, पोर तसेच भुकेले. फक्त कारणाचे नाव बदलले. अनेक मराठी ख्रिस्ती प्रवचनांत आणि चरित्रांत नेमके हेच घडले आहे. ‘देवाने परीक्षा पाहिली’ हे वाक्य तेथे ‘नशिबात होते’ ह्या वाक्याच्याच सुरात उच्चारले जाते. धर्मांतर झाले, पण वाक्यरचनेचे धर्मांतर झाले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो.

नव्या करारात ह्या प्रश्नाची एक प्रत्यक्ष कथाच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. प्रश्न अगदी आपल्याकडचा वाटावा असा आहे. ख्रिस्त दोन्ही पर्याय नाकारतो, देवाचे कार्य प्रकट होण्याविषयी बोलतो आणि लगेच माती कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. कारणाविषयीचा प्रश्न तेथे कामाविषयीच्या प्रश्नात बदलला जातो. जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथाची रचनाही हेच सांगते. ईयोबाला समजावू पाहणारे मित्र धर्मशास्त्राच्या दृष्टीने फारसे चुकीचे बोलत नाहीत; तरीही शेवटी दोष त्यांनाच लागतो, कारण त्यांनी दुसऱ्याच्या राखेत बसून त्याच्या दुःखाचे स्पष्टीकरण दिले. ईयोब मात्र देवाशी भांडतो, आणि त्याचे भांडण मान्य होते.

रमाबाईंना हे दोन्ही अनुभव, स्पष्टीकरण ऐकण्याचा आणि स्पष्टीकरण देण्याच्या मोहाचा, आयुष्याने दिले. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि पुढे थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि सोबत दोन-अडीच वर्षांची मनोरमा होती. ह्या मृत्युमालिकेविषयी त्यांनी दोनदा सविस्तर लिहिले. एकदा १८९७ मध्ये, दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्या छोट्या पुस्तिकेत; आणि पुन्हा १९०७ मध्ये, ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ ह्या साक्षीवजा आत्मकथनात. वाङ्मयेतिहासात दुसरे लेखन अधिक ओळखीचे आहे. वस्तुतः पहिले अधिक मोलाचे आहे.

१९०७ च्या साक्षीत जीवनाला योजना आहे. तीर्थयात्रा, दुष्काळ, कलकत्ता, वाँटेज, अमेरिका, शारदासदन, केडगाव हे सारे टप्पे मागे वळून पाहताना एका रेषेत येतात. साक्ष ह्या वाङ्मयप्रकाराची ती मागणीच आहे. ऐकणाऱ्यांपुढे उभे राहून ‘असे होते, असे झाले’ हे सांगायचे असते आणि दोहोंमधील प्रत्येक अपघाताला वाट म्हणून दाखवायचे असते. रमाबाईंचे गद्य तेथेही साधे आणि बळकट आहे, परंतु दुःख तेथे आधीच सोडवलेल्या गणितासारखे येते.

१८९७ चे लेखन असे सोडवलेले नाही. त्याची घडण निकडीतून झाली आहे. मध्यप्रांतात दुष्काळ पडला होता, रमाबाई तेथे जाऊन आल्या होत्या, आणि तेथील उपाशी मुलींना पाहताना वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे कुटुंब त्यांना समोर दिसले होते. त्या लेखनात एक गोष्ट पुनःपुन्हा टोचत राहते. डोंगरे कुटुंबाजवळ विद्या होती. पुराणे मुखोद्गत होती. देवाब्राह्मणांना दान देऊन देऊन घरातील द्रव्य संपले होते. पण हाताने करायचे एकही काम त्या घरात कोणाला येत नव्हते. मजुरी करावी तर जातीचा अभिमान आड येई, भीक मागावी तर लाज. वडिलांनी पवित्र जलाशयात देह टाकण्याचा विचार केला तेव्हा कुठे मुलाने अभिमान बाजूला ठेवून काम करण्याची तयारी दाखवली. तोपर्यंत उशीर झाला होता. रमाबाई येथे देवाच्या योजनेकडे फारशा वळत नाहीत. त्यांची नजर हातांवर आहे. दुःखाने त्यांना जर काही शिकवले असेल तर ते हे, की शास्त्र शिकलेले आणि काम न शिकलेले घर दुष्काळात कसे मरते.

केडगाव हे ह्या निरीक्षणाचे मूर्त रूप आहे. तेथील जमीन मूळची शारदासदनाला फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून घेतलेली होती. १८९७ मध्ये मध्यप्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आल्या तेव्हा पुण्यात प्लेगचे निर्बंध चालू होते, म्हणून त्यांना केडगावच्या उघड्या माळावर आणावे लागले. राहुट्या आणि झोपड्यांतून ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना सुरू झाला. ज्ञान मिळवण्यासाठी आलेल्या मुलीने हातही कामाला लावले पाहिजेत हा तेथील नियम पाश्चात्त्य मिशनांच्या उद्योगशाळांची नक्कल म्हणून समजून घेण्याची सवय आहे. तशा शाळा जवळच होत्या, हे खरे. शिरूर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या ठाण्यावर रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांच्या काळात मुलांसाठी अशी हस्तव्यवसायाची शाळा चाललेली होती. तथापि केडगावच्या नियमाचे मूळ शोधायचे झाले तर ते अनंतशास्त्र्यांच्या रिकाम्या हातांपर्यंत जाते.

अंध स्त्रियांसाठीच्या विभागाला ‘बार्तिमी सदन’ असे नाव मिळाले, यातही काही सुचलेले आहे. बार्तिमय हा शुभवर्तमानातला आंधळा भिकारी. त्याच्या अंधत्वाचे कारण कथेत कोणी विचारीतच नाही. त्याला काय हवे एवढेच विचारले जाते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात करून ह्या स्त्रियांना वाचायला शिकवले. ज्यांच्या अंधत्वाचा अर्थ गावोगावी सांगितला जात असे त्या आता बोटांनी अक्षरे वाचू लागल्या.

१८९७ च्याच मे महिन्यातील एक प्रसंग ह्या संदर्भात फारसा चर्चिला गेलेला नाही. पुण्यातील प्लेग रुग्णालयाच्या व्यवस्थेत आपल्याकडील एका मुलीच्या बाबतीत जे घडले त्याविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीरपणे तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती अतिरंजित आणि दिशाभूल करणारी ठरवून फेटाळली. ह्या पत्रात प्रश्न व्यवस्थेला आहे, ईश्वराला नाही. त्या मुलीवर आलेला प्रसंग ही तिची ‘कसोटी’ होती, तिने तो ख्रिस्ताच्या नावाने सहन करावा, असे म्हणणे त्या काळच्या धार्मिक भाषेत अगदी शोभून दिसले असते. रमाबाई तसे म्हणत नाहीत. स्वतःच्या विपत्तीला ईश्वरी शिक्षण म्हणणारी ही बाई दुसऱ्या मुलीच्या विपत्तीला प्रशासनाचा दोष म्हणते आणि त्यासाठी सरकारचा रोष पत्करते. ह्या दोन भूमिकांत विसंगती पाहणाऱ्या टीकाकाराला ख्रिस्ती दुःखविचाराचा गाभाच हुकला असे म्हणावे लागेल. क्रूस उचलण्याची आज्ञा ज्याची त्याला आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवण्याची परवानगी शुभवर्तमानात कोठे आढळत नाही.

‘कसोटी’ हा शब्दही नीट पाहिला पाहिजे. तो सराफाच्या दगडावरून आला. सोने घासून पाहणाऱ्याला त्या वस्तूचे मोल ठाऊक असते, निदान ती घासण्याजोगी आहे असे वाटत असते. अग्नीत शुद्ध होणाऱ्या सोन्याची प्रतिमा पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे आणि छळ सोसणाऱ्या, निवड करून ख्रिस्ताच्या मागे गेलेल्या माणसांना ती उद्देशून आहे. भुकेने मध्यप्रांताच्या रस्त्यावर पडलेल्या दहा वर्षांच्या मुलीने कसलीही निवड केलेली नव्हती. स्वीकारलेल्या दुःखासाठी घडवलेला शब्द लादलेल्या दुःखावर चिकटवला की त्याचा अर्थ उलटतो. ग्रीक भाषेत मोह आणि परीक्षा यांना एकच शब्द आहे हे बायबलच्या अभ्यासकांना परिचित आहे. ते ध्यानात घेतले तर असे म्हणता येईल की दुःखाच्या वेळी येणारा एक मोठा मोह म्हणजे इतरांच्या दुःखाला परीक्षा म्हणण्याचा.

तुकारामांशी येथे तुलना करण्याचा प्रघात आहे, आणि तो अस्थानी नाही. तुकोबांच्या तरुणपणी महादुष्काळ आला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. पुढे ह्या साऱ्या आपत्तींना त्यांनी विठ्ठलाच्या वाटेवरील उपकार मानले. देहू हे ह्याच जिल्ह्यातले. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो ही ना. वा. टिळकांची भूमिका प्रसिद्धच आहे, आणि मराठी ख्रिस्ती मनाला दुःखाकडे कृपा म्हणून पाहण्याची जी भाषा मिळाली तिच्यात ह्या सेतूचा वाटा मोठा. पण तुकोबा जे म्हणतात ते स्वतःच्या घराविषयी म्हणतात. शेजारच्या उपाशी घरापुढे उभे राहून ते असे म्हणतील अशी कल्पनाही करवत नाही. टिळकांच्या अनुकरणात लिहिणाऱ्या पुढील काही कवींनी हा संयम सोडला आणि ‘दुःख हीच कृपा’ हे सर्वांसाठीचे सूत्र करून टाकले. मराठी ख्रिस्ती काव्याच्या उतरणीचे एक कारण ह्या सैलपणात शोधावे लागेल.

लक्ष्मीबाई टिळकांनी हा सैलपणा कधी केला नाही. ‘स्मृतिचित्रे’मधील (१९३४-३७) दुःखाला धर्मशास्त्राचा आधार क्वचितच दिलेला आढळतो. १८९५ मधील टिळकांच्या धर्मांतराने तिचे घर मोडले आणि ज्याच्या श्रद्धेमुळे ते मोडले त्याच्याच श्रद्धेत ती पुढे सामील झाली. एवढा तिढा असूनही निवेदनात तक्रारीला आणि समर्थनाला सारखेच दूर ठेवले आहे. विनोद हे तिचे साधन आहे. रमाबाईंजवळ ते नव्हते.

रमाबाईंच्या बाजूने उभे राहिल्यावरही केडगावविषयीचा जुना आक्षेप डावलता येत नाही. दुष्काळात आणलेल्या मुली ख्रिस्ती झाल्या. भूक हे धर्मांतराचे दार ठरले. मग दुसऱ्याच्या दुःखाला अर्थ चिकटवण्याचा मोह टळला तो कसा? आक्षेपात तथ्यांश आहे. मुक्तिमिशनची पत्रके परदेशांतील देणगीदारांसाठी लिहिली जात, आणि त्यांत दुष्काळ हा आत्म्यांच्या पेरणीचा हंगाम म्हणून दिसण्याचा धोका होताच. १९०५ मध्ये तेथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीची वर्णने तर त्या मुलींच्या आसवांना एका जागतिक घटनेचा भाग करून टाकतात. ह्या वर्णनांत मुली बोलताना क्वचित ऐकू येतात. केडगावच्या अभ्यासकाने रमाबाईंची कृती आणि त्या कृतीचे संस्थात्मक वर्णन यांत फरक करायला शिकले पाहिजे. ती कृती बऱ्याचदा त्या वर्णनाहून अधिक ख्रिस्ती आहे.

शिरूरच्या बाजूच्या खेड्यांतील ख्रिस्ती समाजाचा विचार केला तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाखाली आलेली कुटुंबे बहुतांशी महार आणि मांग समाजातील होती. रमाबाईंनी तीर्थाटन, गरिबी, जातिबाह्यता यांतले बरेच काही निवडले. ह्या कुटुंबांच्या वाट्याला दुःख जन्माबरोबर आले आणि बाप्तिस्म्यानंतरही संपले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या. अशा समाजाला रविवारच्या उपदेशातून ‘सहन करा, ही कसोटी आहे’ असे सांगणे सोपे असते, आणि ते सांगणारा बहुधा त्या सहनशीलतेचा भागीदार नसतो. मराठी दलित आत्मकथनांनी दुःखाला अर्थ देण्याचेच नाकारले आणि त्याचा जाब मागितला. ख्रिस्ती दुःखविचाराचा अभ्यास ह्या आत्मकथनांपासून तोडून करता येणार नाही. ईयोबाच्या बाजूने बोलणारे साहित्य मराठीत कोठे आहे असे कोणी विचारले तर तेथेच बोट दाखवावे लागेल.

आता एका वाङ्मयीन वस्तुस्थितीकडे. रमाबाईंनी स्वतःच्या दुःखाविषयी जे लिहिले ते मुख्यतः इंग्रजी वाचकांसाठी लिहिले. आपली मराठी त्यांनी दुसरीकडे खर्च केली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, तिच्यातील कित्येक शब्दांना वेदान्ताचा वास आहे आणि खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, ही त्यांची धारणा होती. वेदान्त ज्यांनी संस्कृतात वाचला होता त्यांची ही तक्रार होती, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘भोग’ आणि ‘संचित’ यांच्या भाषेत ईयोब वाचला तर ईयोबाचे मित्रच खरे ठरतात, ह्या भयाचा त्या तक्रारीशी संबंध असावा. पाने केडगावच्याच छापखान्यात जुळवली गेली आणि खिळे जुळवणाऱ्या होत्या दुष्काळातून आलेल्या मुली व स्त्रिया. एका काळी ज्यांच्या भुकेवर इतरांनी अर्थ लादले त्यांच्या हातांखालून ईयोबाचा ग्रंथ, स्तोत्रे आणि विलापगीते अक्षराअक्षराने गेली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. संस्था जिच्या हाती सोपवायची ती चाळिशीत गेली. ह्या मृत्यूला अर्थ देणारे मोठे लेखन रमाबाईंनी केले नाही. भाषांतराचे काम त्या करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचेही निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. चरित्रकारांनी ह्या नऊ महिन्यांभोवती बरीच भावुक वर्णने उभी केली आहेत. पण त्या काळातील मौन वाचण्याचे धाडस फारसे कोणी केलेले नाही.

मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात रमाबाई आल्या की ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) किंवा अमेरिकेच्या लोकस्थितीवरील प्रवासवृत्त (१८८९) नेमले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ मराठी लेखन म्हणजे हे भाषांतर, आणि ते धर्मग्रंथ म्हणून ग्रंथालयाच्या वेगळ्या कपाटात राहिले. भाषांतराच्या अभ्यासपत्रिकेत ईयोबाच्या ग्रंथातील मित्रांची भाषणे रमाबाईंच्या मराठीत आणि बायबल सोसायटीच्या मराठीत शेजारी ठेवून वाचली जावीत. दुःखाचे समर्थन करणाऱ्याची मराठी आणि दुःख भोगणाऱ्याची मराठी त्यांनी वेगळी ठेवली आहे की नाही, ठेवली असल्यास कोणत्या शब्दांनी, हे तेथे ओळीओळीने तपासता येईल.